ट्रॅक्टरची बॅटरी काढताना : आधी वजा, मग अधिक



गळीत हंगाम संपला की ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर दारात उभे राहतात. मग बॅटरी काढून ठेवणे, चार्जिंगला नेणे ही कामे घरचीच माणसे करतात. काम दहा मिनिटांचे; पण क्रम चुकला तर हात भाजतो, प्रसंगी डोळाही जातो.

बारा व्होल्टचा शॉक सहसा जाणवत नाही, म्हणून बॅटरीला कोणी भीत नाही. परंतु धोका वेगळाच आहे. शॉर्ट झाल्यास बॅटरीतून एकदम शेकडो अँपियर प्रवाह वाहतो. आत गंधकाम्ल असते. शिवाय चार्जिंग होताना हायड्रोजन वायू सुटतो व एका ठिणगीने त्याचा भडका होऊन बॅटरी फुटते.

वजा टोक आधी का? ट्रॅक्टरचा लोखंडी सांगाडा वजा टोकाला जोडलेला असतो. अधिक टोकाचा नट आधी सोडवायला गेलात आणि पान्हा बॉनेटला टेकला, की शॉर्ट झालाच! वजा वायर आधी काढली म्हणजे हा मार्गच तुटतो. काही फार जुन्या गाड्यांत अधिक टोक सांगाड्याला असते. तेथे सांगाड्याला गेलेली वायर आधी काढावी.

कामाचा क्रम असा :

१. इंजिन बंद करून चावी काढा. नुकतेच चार्जिंग झाले असेल तर थोडा वेळ थांबा. बिडी-काडी लांब ठेवा.

२. अंगठी, कडे, घड्याळ उतरवा. डोळ्यांना चष्मा व हातात रबरी मोजे घाला.

३. वजा वायर काढून बाजूला बांधा, मग अधिक वायर काढा. नट गंजला असेल तर हातोडी मारू नका. सोड्याचे पाणी लावून सैल करा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

४. पट्टी सोडवून बॅटरी दोघांनी सरळ उचला. कलती केल्यास ॲसिड सांडते. पान्हा बॅटरीवर ठेवू नका.

५. परत बसवताना उलट क्रम : आधी अधिक, शेवटी वजा.

अंगावर ॲसिड उडाले तर भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर निदान वीस मिनिटे स्वच्छ पाणी सोडत राहा व तडक दवाखाना गाठा. तूप, दूध घालत बसू नका.

काढलेली बॅटरी हवेशीर जागी, चुलीपासून व मुलांपासून दूर ठेवा. महिन्या-दीड महिन्याने चार्ज करा, नाहीतर ती पडून पडून बाद होते. झाकणाची बॅटरी असेल तर पातळी उतरल्यावर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचे पाणी नको, ॲसिडही नको.

बाद बॅटरी घरी फोडू नका. त्यातले शिसे विषारी असून लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती इतर कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी देणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्यावी. मोलही पदरात पडते.

घरातल्या पोरांना एवढे तरी पाठ करून द्या : काढताना वजा पहिली, जोडताना वजा शेवटची.