चार्जिंगची सोय असलेले ‘डिस्पोजेबल व्हेप’ : बंदी असलेल्या उपकरणाच्या बॅटरीची हमी कोण देणार?

नवी दिल्ली : ई-सिगारेटवर देशात २०१९ पासून बंदी आहे. तरीही वापरून फेकून देण्याची ‘व्हेप’ उपकरणे दिल्ली, नोएडा, गुरुग्राम आणि गाझियाबाद परिसरात चोरट्या मार्गाने पोहोचत असल्याचे पोलिसांच्या कारवायांतून वारंवार समोर येते. डिसेंबर २०२५ मध्ये तर सभागृहातच ई-सिगारेट ओढली जात असल्याचा आरोप लोकसभेत झाला. निकोटीनचे व्यसन आणि कायद्याचा भंग या दोन बाबींवर या निमित्ताने चर्चा होते. तिसरा धोका मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. तो या उपकरणातील लिथियम-आयन बॅटरीचा आणि ती घरच्या प्लगवर चार्ज करण्याचा आहे.

अशा उपकरणाचे चार्जिंग कसे चालते, ते कोठे बिघडते आणि घरात असे उपकरण आढळल्यास काय करावे, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते. मुलाच्या दप्तरात किंवा कपाटात ते अचानक हाती लागणाऱ्या पालकांसाठी ही माहिती विशेष उपयोगाची आहे.

फेकायचे उपकरण चार्ज कशासाठी?

‘डिस्पोजेबल’ म्हणजे वापरून टाकून द्यायचे. मग त्याला चार्जिंगचे छिद्र का असते, असा प्रश्न स्वाभाविक आहे. सुरुवातीच्या उपकरणांत साधारण दोन मिलिलिटर द्रव असे आणि तो संपेपर्यंत बॅटरीही संपत असे. पुढे उत्पादकांनी द्रवाचे प्रमाण अनेक पटींनी वाढवले. लहानशा बॅटरीला एका चार्जिंगमध्ये तेवढा द्रव तापवणे शक्य नसल्याने यूएसबी टाइप-सीची सोय देण्यात आली. द्रव संपल्यावर मात्र उपकरण चार्जिंगच्या सोयीसह कचऱ्यात जाते.

ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी घातली. केवळ चार्ज होते म्हणून उपकरण पुनर्वापराचे ठरत नाही, त्यात द्रव पुन्हा भरता आला पाहिजे, ही अट तेथील नियमांत आहे. भारतात अशा वर्गवारीला जागाच नाही, कारण येथे सर्व प्रकारच्या ई-सिगारेटवर बंदी आहे.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या अध्यादेशाचे त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायद्यात रूपांतर झाले. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात यांवर या कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, तर पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. साठा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. केंद्रीय कायदा असल्याने दिल्लीसह हरियाणा आणि उत्तर प्रदेशातील लगतच्या शहरांनाही तो सारखाच लागू होतो.

सेवनासाठी कायद्यात स्वतंत्र शिक्षा नमूद नाही. पण उपकरण ग्राहकाच्या हाती येण्याचा प्रत्येक मार्ग बेकायदा आहे. चार्जिंगच्या सुरक्षिततेशी या बाबीचा थेट संबंध आहे.

चार्जिंग नेमके कसे होते?

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली. या तंत्रज्ञानाचा पाया रचणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मोबाइल, लॅपटॉप, इअरफोन आणि व्हेप या सर्वांत मूळ तत्त्व एकच आहे. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन एका विद्युतअग्राकडून दुसऱ्याकडे जातात आणि वापराच्या वेळी परत येतात. दोन्ही अग्रांच्या मध्ये प्लास्टिकचा अत्यंत पातळ, सच्छिद्र पडदा असतो आणि भोवती ज्वालाग्राही द्रव असतो.

अशा सेलचा सरासरी दाब सुमारे ३.७ व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो सामान्यतः ४.२ व्होल्टवर पोहोचतो. यूएसबी चार्जर मात्र पाच व्होल्ट देतो. हा फरक सांभाळण्याचे काम उपकरणातील छोट्या सर्किटचे असते. ते आधी ठरावीक प्रमाणात विद्युतप्रवाह देते, ४.२ व्होल्ट गाठल्यावर प्रवाह हळूहळू कमी करते आणि शेवटी बंद करते. सेल प्रमाणाबाहेर चार्ज होणे, पूर्ण रिकामा होणे किंवा त्यात शॉर्टसर्किट होणे, यांपासून वाचवणारी संरक्षक यंत्रणाही त्याच्या जोडीला असावी लागते.

म्हणजे सुरक्षित चार्जिंग ही चार कड्यांची साखळी आहे : निर्दोष सेल, विश्वासार्ह सर्किट, योग्य चार्जर आणि जागरूक वापरकर्ता. यांपैकी शेवटच्या दोनच कड्या वापरकर्त्याच्या हाती असतात. पहिल्या दोन उघडून पाहता येत नाहीत. त्यांसाठी ग्राहकाला मानकांवर आणि तपासणीवर भिसंबून राहावे लागते.

भारतात मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक यांसारख्या उपकरणांसाठी आणि लिथियमच्या सेलसाठी भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी बंधनकारक आहे. सेल आणि बॅटरीसाठी आयएस १६०४६ हे मानक लागू होते. उत्पादनावर मानकचिन्हासोबत ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो पडताळता येतो. ज्या वस्तूच्या आयातीवर आणि विक्रीवरच बंदी आहे, तिला अशी नोंदणी मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आत कोणता सेल आहे, संरक्षक सर्किट आहे की नाही, हे खात्रीने सांगणारे कोणी नसते. बिघाड झाल्यास माल परत घेणारा विक्रेताही नसतो.

बिघाड झाल्यास काय घडते?

सेल प्रमाणाबाहेर चार्ज झाला, दबला किंवा त्यात निर्मितीदोष असला, तर आतील पडदा निकामी होऊन दोन अग्रांचा थेट संपर्क होऊ शकतो. त्यातून उष्णता निर्माण होते. उष्णतेमुळे रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढतो आणि त्यातून आणखी उष्णता बाहेर पडते. या अनियंत्रित साखळीला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. सेल फुगतो, त्यातून विषारी आणि ज्वालाग्राही वायू बाहेर पडतात आणि काही सेकंदांत पेट घेतला जाऊ शकतो.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळात ई-सिगारेटला आग लागण्याच्या किंवा स्फोटाच्या १९५ घटना नोंदवल्या होत्या. त्यांपैकी ४८ घटना बॅटरी चार्ज होत असताना घडल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच घटना उपकरण वापरात असताना किंवा खिशात असताना घडल्या होत्या. म्हणजेच चार्जिंगची काळजी घेतल्याने धोका कमी होतो, पण संपत नाही.

चार्जर कोणता, जागा कोणती?

‘६५ वॉटचा चार्जर लावला की तेवढी वीज आत घुसते’, हा समज चुकीचा आहे. प्रमाणित यूएसबी टाइप-सी चार्जर सुरुवातीला पाच व्होल्टच देतो. उपकरणाने ठरावीक पद्धतीने मागणी केल्याशिवाय तो दाब वाढवत नाही. अडचण स्वस्त उपकरणांची आहे. या संवादासाठी लागणारे साधे घटकही त्यांत अनेकदा नसतात. टाइप-सी ते टाइप-सी केबल लावल्यावर काही उपकरणे चार्जच होत नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच असते. निकृष्ट चार्जर आणि निकृष्ट सर्किट एकत्र आले, की दाब आणि प्रवाह मर्यादेत राहण्याची खात्री उरत नाही. लहान बॅटरीच्या कोणत्याही उपकरणासाठी जलद चार्जरऐवजी मानकचिन्ह असलेला, पाच व्होल्ट आणि एक अँपिअरपर्यंतचा साधा चार्जर वापरावा, असे सांगितले जाते ते यामुळेच.

जागा आणि वेळ यांनाही महत्त्व आहे. उशीखाली, गादीवर किंवा पडद्याजवळ चार्जिंग करू नये. फरशी किंवा ओट्यासारखा कठीण, न पेटणारा पृष्ठभाग निवडावा. बाहेर पडण्याच्या वाटेवर चार्जिंग नको, कारण आग लागल्यास तीच वाट बंद होते. रात्री झोपेत किंवा घरी कोणी नसताना प्लग चालू ठेवू नये. पाचशे मिलिअँपिअर-तासांच्या सेलला अर्ध्या अँपिअरने चार्ज व्हायला साधारण एक ते दीड तास पुरतो. त्याहून बराच अधिक वेळ चार्जिंग सुरूच राहिले, तर ते बिघाडाचे लक्षण मानावे.

दिल्लीच्या हवामानामुळे यात आणखी एक मुद्दा येतो. बहुतांश लिथियम-आयन सेलसाठी शून्य ते ४५ अंश सेल्सिअस ही चार्जिंगची तापमानमर्यादा दिलेली असते. सफदरजंग वेधशाळेत २९ मे २०२४ रोजी कमाल तापमान ४६.८ अंश, तर १ जानेवारी २०२१ रोजी किमान तापमान १.१ अंश नोंदवले गेले होते. उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच अधिक असते. त्यामुळे मोटारीत किंवा उन्हातील खिडकीशी कोणतीही बॅटरी चार्ज करणे टाळावे. गोठणबिंदूच्या आसपास चार्ज केल्यास सेलमध्ये धातुरूप लिथियमचा थर साचू शकतो आणि त्यातून पुढे शॉर्टसर्किटचा धोका संभवतो.

विमानतळावर दुहेरी अडचण

परदेशातून व्हेप घेऊन येणाऱ्या प्रवाशांनी भारतातील आयातबंदी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. दुसऱ्या देशात ते कायदेशीररीत्या विकत घेतले होते, हा बचाव येथे चालत नाही. विमानसुरक्षेचा प्रश्न वेगळाच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (आयसीएओ) २०१५ मध्येच चेक-इन सामानात ई-सिगारेट ठेवण्यास आणि विमानात ती चार्ज करण्यास मनाई केली आहे. सामानकक्षात आग लागली तर ती लवकर लक्षात येत नाही आणि तेथे पोहोचणेही कठीण असते.

लहान बॅटरीची आग किती अनपेक्षित असते, हे दिल्ली विमानतळावर १९ ऑक्टोबर २०२५ रोजी दिसून आले. दिमापूरला निघालेल्या विमानात, धावपट्टीकडे जात असताना, एका प्रवाशाच्या पॉवर बँकने पेट घेतला. ती प्रवासी कक्षात असल्यामुळे कर्मचाऱ्यांना तत्काळ आग विझवता आली. या घटनेत कोणालाही इजा झाली नाही.

घरात व्हेप आढळल्यास

असे उपकरण हाती लागल्यास ते चालते का हे पाहण्यासाठी चार्ज करू नये. उघडू नये, छिद्र पाडू नये, पाण्याखाली धुऊ नये. आतील द्रवात निकोटीन असते. ते पोटात गेल्यास लहान मुलांना विषबाधा होऊ शकते, त्वचेतूनही ते शरीरात शोषले जाते. उपकरण मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, ऊन आणि उष्णतेपासून दूर, वाळूच्या किंवा मातीच्या भांड्यात वेगळे ठेवावे.

उपकरण फुगणे, हाताला चटका बसेल इतके तापणे, गोडसर किंवा रासायनिक वास येणे, सीं-सीं असा आवाज होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. चार्जिंग सुरू असेल तर मुख्य बटण बंद करावे, उपकरण हातात घेऊ नये. पेट घेतल्यास वीजपुरवठा तोडल्यानंतर भरपूर पाणी वापरता येते, कारण सेल थंड करणे हाच खरा उपाय असतो. धूर मात्र विषारी असतो. आग आटोक्यात येत नसेल तर खोलीचे दार लावून बाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर संपर्क साधावा. कोणी भाजल्यास ही इजा बॅटरीमुळे झाली आहे, असे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्यात उष्णतेबरोबर रसायनांमुळे झालेली इजाही असू शकते.

कचऱ्यात गेलेली ठिणगी

बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवणे ही ग्राहकाची, तर ती परत घेऊन तिचे पुनर्चक्रीकरण करणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे. बंदी असलेल्या उपकरणाला देशात नोंदणीकृत उत्पादकच नसतो. त्यामुळे जबाबदारीची ही साखळी पहिल्याच टप्प्यावर तुटते.

घरच्या कचऱ्यात टाकलेला व्हेप कचरा दाबणाऱ्या गाडीत चिरडला जाऊ शकतो. दिल्लीतील गाझीपूर, भलस्वा आणि ओखला येथील कचऱ्याच्या डोंगरांत आधीच मिथेन वायू साचतो आणि तेथे आगी लागत आल्या आहेत. अशा ठिकाणी फुटलेला लिथियम सेल ठिणगीचे काम करू शकतो. कचरावेचकांना आणि सीलमपूरसारख्या भागांत हाताने ई-कचरा फोडणाऱ्या कामगारांना त्याचा सर्वाधिक धोका असतो. म्हणूनच असे उपकरण ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे, त्यात बॅटरी असल्याचे सांगून, सुपूर्द करणे योग्य ठरते.

योग्य चार्जर, कठीण पृष्ठभाग आणि डोळ्यांसमोर चार्जिंग हे नियम मोबाइलपासून इअरफोनपर्यंत सर्वच उपकरणांना लागू आहेत. ते पाळल्याने मानकांनुसार बनवलेली बॅटरी बऱ्याच अंशी सुरक्षित राहते. बंदी असलेल्या व्हेपच्या बाबतीत मात्र वापरकर्त्याने सर्व काळजी घेतली, तरी सेल आणि सर्किट या दोन कड्यांची हमी कोणाकडेच नसते. म्हणून त्याच्यासाठी एकच सल्ला देता येतो : ते प्लगला लावू नये.