समजून घ्या : ‘द क्रुसिबल’मधील आत्मविश्वासू पाद्री शेवटी खोटे बोलण्याचा सल्ला का देतो?

चेटूक ओळखण्यातला तज्ज्ञ म्हणून गावात बोलावलेला पाद्री शेवटच्या अंकात निरपराध कैद्यांनाच विनवतो, की गुन्हा केल्याचे खोटे कबूल करा आणि जीव वाचवा. आर्थर मिलर यांच्या ‘द क्रुसिबल’ या नाटकातील रेव्हरंड जॉन हेल या पात्राचा हा प्रवास. हा बदल नेमका कसा होतो?

नाटकाची पार्श्वभूमी काय?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपांवरून खटले चालले आणि १९ जणांना फाशी झाली. त्यावर आधारित हे नाटक जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आले. त्या काळात अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून चौकश्या सुरू होत्या. खुद्द मिलर यांनाही १९५६ मध्ये संसदेच्या समितीने बोलावले. इतरांची नावे सांगायला त्यांनी नकार दिला.

सुरुवातीचा हेल कसा आहे?

पहिल्या अंकात तो जाडजूड ग्रंथ घेऊन येतो. सैतानाच्या सगळ्या खुणा त्यात नोंदवलेल्या आहेत, अशी त्याची खात्री असते. तो दुष्ट नाही. लोकांचे भलेच करतोय, असे त्याला मनापासून वाटते. पण फाशीच्या धाकाने टिटुबा ही गुलाम स्त्री कबुली देऊन नावे घेऊ लागते, तेव्हा ती भीती त्याला दिसत नाही. ती कबुली त्याला पुरावा वाटते.

संशय कधी सुरू होतो?

दुसऱ्या अंकात तो शेतकरी जॉन प्रॉक्टरच्या घरी येऊन त्याला बायबलमधील दहा आज्ञा म्हणायला लावतो. प्रॉक्टर नेमकी व्यभिचाराची आज्ञा विसरतो. त्याच रात्री त्याची पत्नी एलिझाबेथ हिला अटक होते. हेल अस्वस्थ होतो, तरीही न्यायालयावर विश्वास ठेवा, असेच सांगतो.

तिसऱ्या अंकात कळते, की त्याने ७२ मृत्युदंडाच्या आदेशांवर सह्या केल्या आहेत. आरोपींना वकील मिळावा, अशी मागणी तो करतो. न्यायालय ती फेटाळते. शेवटी तो कामकाजाचा निषेध करून बाहेर पडतो.

खरा हेलही बदलला होता का?

हो. बेव्हर्ली येथील पाद्री जॉन हेल यांनी खटल्यांना पाठिंबा दिला होता. त्यांच्या पत्नीवरच आरोप झाल्यावर त्यांचे मत पालटले. खटल्यांतील चुकांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १७०२ मध्ये प्रसिद्ध झाले. मिलर यांनी पत्नीवरील आरोपाचा भाग नाटकात घेतला नाही. नाटकातला हेल स्वतःच्या घरावर संकट न येताच, समोर दिसणाऱ्या अन्यायामुळे बदलतो.

मग तो नायक का ठरत नाही?

कारण त्याला उशिरा जाग येते. सह्या करताना त्याच्या शब्दाला वजन होते. चौथ्या अंकात ते उरलेले नाही. आता श्रद्धेपेक्षा जीव मोठा, असे तो मानतो. प्रॉक्टर आधी खोट्या कबुलीवर सही करतो. पण ती चर्चच्या दारावर लावली जाणार असल्याने कागद फाडतो आणि फाशीला सामोरा जातो. त्याला थांबव, म्हणून हेल एलिझाबेथच्या विनवण्या करत राहतो. ती थांबवत नाही. नवऱ्याला कशाची किंमत आहे, हे तिला कळलेले असते. हेलला ते शेवटपर्यंत कळत नाही.