बाटलीवरची बारीक अक्षरं

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमच्या आईने बाथरूमच्या फरशीवर आधी ॲसिड ओतलं आणि डाग हटेनात म्हणून वरून ब्लीचिंग पावडर भुरभुरवली. दोन मिनिटांत ती डोळे चोळत, ठसकत बाहेर आली. आम्ही खिडक्या सताड उघडल्या, पंखे लावले, तिला गच्चीवर नेऊन बसवलं. तासाभराने खोकला थांबला. संध्याकाळी मी ती बाटली हातात घेतली. मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं : ब्लीचसोबत वापरू नये. चष्मा लावूनही वाचता येईना, शेवटी मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचलं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "वाचून कोण फरशी धुतं गं?"

तिचंही खरंच आहे. पण ॲसिड म्हणून बाजारात मिळतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल, ते ब्लीचिंग पावडरला भेटलं की क्लोरीन सुटतो. १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने सोडला होता तोच हा वायू. सहा बाय चारच्या बाथरूममध्ये तो आपण दिवाळीच्या उत्साहात स्वतःच्या हाताने तयार करतो.

त्या संध्याकाळपासून मला एक नाद लागला आहे. आरोग्याचा आणि सुरक्षिततेचा सल्ला आपल्याकडे नेमका मिळतो कुठे, हे शोधण्याचा. आणि बहुतेक वेळा तो हातातल्या वस्तूवरच सापडतो. फक्त तो वाचला जातो नंतर.

गॅसचा सिलिंडर घ्या. वरच्या गोल कड्याला खालच्या टाकीशी जोडणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला 'सी-२८' अशासारखं काहीतरी रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची दाबचाचणी पुन्हा व्हायलाच हवी, असा त्याचा अर्थ. तारीख उलटून गेलेला सिलिंडर दारात आला तर तो परत करायचा. मी एकदा केला. सिलिंडरवाल्याने हुज्जत घातली नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला. "बघतं कोण ताई हे," म्हणाला आणि दुसरा आणून दिला.

गॅसचा वास आला तर काय करायचं, हे तोंडपाठ असणारे आपण सगळेच. तरी हात आधी बटणाकडे जातो. दिवा लावायचा नाही, आणि लागलेला असेल तर बंदही करायचा नाही, कारण ठिणगी दोन्हीत उडते. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावं लागतं. रेग्युलेटर बंद करून काढायचा, दोरीला लटकणारं टोपण सिलिंडरवर बसवायचं आणि बाहेर जाऊन १९०६ लावायचा. गॅसगळतीसाठीचा हा देशभराचा नंबर दिवसरात्र चालतो.

वासाने सावध करणारा गॅस त्या मानाने बरा. अभ्यंगस्नानाच्या पहाटे दारं-खिडक्या बंद करून बाथरूममध्ये गॅस गिझर लावतात, तेव्हा जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो त्याला ना वास ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, माणूस खाली बसतो आणि पुन्हा उठत नाही. गिझर मोकळ्या हवेच्या जागी बसवा, हे गिझरसोबतच्या पुस्तिकेत असतंच. ती पुस्तिका खोक्यासकट माळ्यावर जाते, ते सोडा.

वस्तूवरचा शिक्का तरी खरा आहे का, हे मात्र आता घरबसल्या पाहता येतं. भारतीय मानक ब्यूरोचं 'बीआयएस केअर' नावाचं ॲप आहे. कुकर, गिझर, वायर, हेल्मेट, कशावरही आयएसआय चिन्हापाशी परवाना क्रमांक असतो. तो ॲपमध्ये घातला की कोणत्या कंपनीला कशासाठी परवाना दिला आहे, ते समोर येतं. काहीच आलं नाही, तर वस्तू दुकानदाराला परत.

छापील सल्ला वाचला न जाण्याची सर्वांत मोठी किंमत शेतावर मोजली गेली आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर मारला की तो अंगावरच उतरायचा. कीटकनाशकाच्या डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगवलेला असतो. लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं म्हणून ही रंगांची भाषा. विषबाधा झाली तर कोणता उतारा द्यायचा, तेही तिथेच लिहिलेलं असतं. म्हणून माणसाला दवाखान्यात नेताना डबा सोबत न्यायचा. तो बघितल्यावर डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो. शेतकऱ्यांसाठी किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, आणि तिथे मराठीत बोलता येतं. पण फोन करायचा तो पंप पाठीवर चढवण्याआधी.

विष कोणतंही असो, शरीरात गेलं की विचारायची जागा दिल्लीत आहे. एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १९९५ पासून चालतं आणि त्याचा नि:शुल्क नंबर १८०० ११६ ११७ आहे. मुलाने डांबरगोळी गिळली, आजोबांनी चुकून दुप्पट गोळ्या घेतल्या, आईने ॲसिडवर ब्लीच टाकलं, सगळं त्यांच्या ओळखीचं. विंचवाच्या बाबतीत मात्र कोकणाला दिल्लीची वाट पाहावी लागली नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध लाल विंचवाच्या दंशावर वापरून हजारोंचे प्राण वाचवले. साप चावला तर अजूनही आधी दोरी बांधतात, चिरा मारतात. दोन्ही टाळायचं, चावलेला भाग न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते.

आता कामाची जागा. इथे सल्ला छापलेला असतो, पण कपाटाच्या मागे. कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक रसायनाचं एक माहितीपत्रक असतं. कामगार त्याला 'एमएसडीएस' म्हणतात. त्याचे सोळा भाग. आठव्यात हातमोजे, मास्क कोणते घालायचे ते असतं, चौथ्यात डोळ्यात गेलं तर काय करायचं ते. मी पाहिलेल्या एका वर्कशॉपमध्ये हे पत्रक लॅमिनेट करून लावलेलं होतं, इंग्रजीत, ड्रमच्या पाठीमागे. वाचायला आधी ड्रम हलवावा लागणार, आणि ड्रम हलवण्यातच धोका.

कायद्याने मात्र कामगाराला हे विचारायचा हक्क दिला आहे, आणि तो भोपाळच्या वायुदुर्घटनेमुळे मिळाला. १९८४ च्या डिसेंबरमधल्या त्या रात्री वायूपासून वाचण्यासाठी ओलं फडकं तोंडावर धरावं, एवढं साधंही वस्तीला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक रसायनांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणं बंधनकारक झालं. जीव जाईल असा धोका दिसला तर मालकाला थेट किंवा सुरक्षा समितीतल्या प्रतिनिधींमार्फत तो दाखवून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. तक्रार करणाऱ्याचं नाव निरीक्षकाने गुप्त ठेवावं, असंही कलम आलं, हे फार थोड्यांना माहीत आहे. आता या कायद्याची जागा २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता घेते आहे. निरीक्षकाच्या मागे असलेलं खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. कामगारांच्या तोंडी ते 'फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस'.

शिकायचं असेल तर शीवला केंद्रीय कामगार संस्था आहे, आणि बेलापूरला राष्ट्रीय सुरक्षा परिषद. परिषद ४ मार्च १९६६ ला स्थापन झाली. म्हणूनच ४ मार्चला कारखान्यांत शपथ घेतात आणि फलक रंगवतात. बांधकाम मजुरांसाठी राज्याचं कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते आणि सुरक्षा संचही मिळतो. नाक्यावर त्यातलं हेल्मेट बऱ्याचदा गवंड्याच्या पिशवीत असतं. उन्हात डोकं तापतं म्हणतात.

इमारतीत राहणाऱ्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला एक प्रश्न जरूर विचारावा : अग्निशमन यंत्रणेचा 'बी फॉर्म' भरला का? राज्याच्या २००६ च्या कायद्याने परवानाधारक एजन्सीचं हे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. आमच्या सेक्रेटरींनी मला "बघतो" म्हटलं त्याला तीन महिने झाले.

दिवाळीच्या चार दिवसांत मात्र एवढं. फटाक्याने भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, हळद, बर्फ, काही नाही. जखम मोठी असेल तर १०८. ऐरोलीला भाजलेल्यांसाठीच वेगळं नॅशनल बर्न्स सेंटर आहे. आणि जखम दिसत नसेल, नोकरीच्या ताणाने झोप उडाली असेल, तर टेलि-मानसचा १४४१६. २०२२ पासून चालतो, मराठीत बोलतात.

हे सगळे नंबर मी आईला टाइप करून दिले होते. तिने तो कागद कुठे ठेवला कोण जाणे. मग एक दिवस स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांच्या शेजारी, तिच्या ठसठशीत अक्षरात १९०६ दिसला. त्याखाली १८०० ११६ ११७, आणि पुढे कंसात 'बाथरूम'. सर्वांत वर मात्र आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा नंबर. डिसेंबरात नवीन कॅलेंडर आलं की हे सगळं त्यावर उतरवून काढायचं काम माझ्याकडे आहे.