उकिरड्यातलं प्लॅस्टिक थेट भाताच्या खाचरात. कचरा घरातच वेगळा करा

शहापूर / मुरबाड : राब भाजायचे दिवस आले. शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत एकावर एक रचायचं, वर माती पसरायची आणि पेटवायचं. आगीनं तणाचं बी मरतं, किडे मरतात, राख रोपाला मिळते. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलंय. पण आता पेटवायच्या आधी राबाजवळ जाऊन जरा वाकून बघा. शेणात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या आणि गुटख्याची कागदं सापडतील. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण कागदं कुठून येतात ते विचारू नका.

हे सगळं राबात कोणी मुद्दाम टाकत नाही. ते उकिरड्यातून येतं.

उकिरडा म्हणजे शेतकऱ्याच्या घरचा खताचा कारखाना. गोठ्यातला केर, चुलीची राख, भाजीची देठं, खरकटं सगळं त्यात पडायचं आणि पावसाआधी शेतात जायचं. कचरा म्हणून वेगळं काही घरात उरतच नव्हतं. आता केराच्या टोपलीत प्लॅस्टिक आलं, पण टोपली ओतायची जागा तीच राहिली. सगळा घोळ तिथे आहे.

शेणखतासोबत प्लॅस्टिक खाचरात गेलं की ते कुजत नाही. चिखलणीत तुकडे होतात, टिलरच्या चाकाला गुंडाळतात, मातीत थर धरतात आणि मुळाला आडवे येतात. राबात जळालं तर काही भाग वितळून गोळा होतो. वेफर्सच्या पाकिटातला चंदेरी थर तर जळतच नाही. काही प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असतं, त्याच्या धुरातून डायॉक्सिन नावाचं विष निघतं. राब भाजणारा माणूस तोच धूर छातीत घेतो. आणि काच? आवणीला सगळे अनवाणी उतरतात. फुटकी बाटली चिखलात दिसत नाही, पायात गेल्यावरच कळते. ऐन आवणीत पाय कापला की आठवड्याची मजुरी गेली.

गुरांचं तर आणखी वाईट. शिळा भात, भाजी पिशवीत गाठ मारून उकिरड्यावर फेकली की गाय गाठ सोडत बसत नाही, पिशवीसकट गिळते. गिळलेलं प्लॅस्टिक पोटाच्या पहिल्या कप्प्यात अडकून राहतं. बाहेरून पोट भरलेलं दिसतं, पण गुरू चारा सोडतं, रवंथ करत नाही, खंगत जातं. मग डॉक्टरला पोट उघडून गोळा काढावा लागतो, तेही वेळेत लक्षात आलं तर. म्हणून शिळं अन्न पाटीत किंवा टोपल्यात उघडं ठेवा, पिशवीत कधीच बांधू नका. आज बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

घरात करायचं काम मोठं नाही. दोन खुंट्या आणि दोन रिकाम्या गोण्या लागतात. खताच्या गोण्या प्रत्येकाकडे पडलेल्याच आहेत. एका गोणीत भंगारवाला घेतो ते : बाटल्या, डबे, पुठ्ठा, लोखंड. दुसऱ्या गोणीत तो घेत नाही ते : पुड्या, पाकिटं, फाटक्या पिशव्या. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, नुसती चीर द्या. तो कोपराच मातीत हरवतो. पिशवी धुऊन वाळवून ठेवली तर वास येत नाही. फुटकी काच पत्र्याच्या डब्यात वेगळी. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात, उकिरड्यात अजिबात नाही. यावर घरात बोलायला लाजतात, पण बोलावं लागेल.

कुजणारं सगळं मात्र उकिरड्यातच जाऊ द्या. जागा असेल तर नाडेप टाकी बांधा. ही पद्धत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शोधली, त्यांच्याच नावावरून नाडेप. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांच्या भिंतीला भोकं ठेवायची म्हणजे हवा खेळते. कचरा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे, साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार. शेण थोडं लागतं, त्यामुळे गुरं कमी झालेल्या घरालाही परवडतं. रोजगार हमीतून हे काम घेता येतं, ग्रामरोजगार सेवकाला विचारा.

मुळात घरात येणारं कमी करायचं तर बाजाराला जाताना कापडी पिशवी आणि मच्छीसाठी डबा न्यायचा. पुड्या घेऊ नका असं मी सांगणार नाही. ज्याचं हातावर पोट आहे तो दोन रुपयांचीच पुडी घेणार. पण पाहुण्यांसाठी थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि प्लॅस्टिकचे ग्लास लागतातच असं नाही. आपल्या रानात पळस आहे, पानांच्या पत्रावळ्या लावणाऱ्या बाया अजून आहेत. हळदीच्या एका रात्रीत जेवढं प्लॅस्टिक पडतं तेवढं घरात वर्षभरात पडत नसेल. गावच्या बचत गटानं स्टीलची ताटं-पेले घेऊन भाड्यानं दिले तर गटालाही दोन पैसे मिळतील.

कायदाही आहे. राज्यात प्लॅस्टिक बंदी मार्च २०१८ मध्ये आली, पहिल्या वेळेला ५ हजार रुपये दंड. देशभरात थर्माकोलच्या सजावटीपासून प्लॅस्टिकच्या ताट-चमच्यापर्यंतच्या वस्तू १ जुलै २०२२ पासून बंद. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून बंद. आठवडी बाजारात यातलं किती पाळलं जातं ते सगळ्यांना दिसतंय.

राहिली ती दुसरी गोणी. ती भरल्यावर न्यायची कुठे? हे घराचं नाही, ग्रामपंचायतीचं काम आहे. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत निधीची तरतूद केली आहे. त्यावरच्या गावाला माणशी ४५. म्हणजे २ हजार वस्तीच्या गावाला १ लाख २० हजार. तालुक्याला एक प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्र, त्यासाठी १६ लाखांपर्यंत वेगळे. १ मेच्या ग्रामसभेत ग्रामसेवकाला विचारा : आपल्या गावाचा आराखडा झाला का, प्लॅस्टिक साठवायची शेड कुठे, तालुक्याला ते कोण आणि कधी नेणार. आणि जे उत्तर मिळेल ते प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्यायला लावा.