अटकेची व खटल्याची नोंद कशी पाहावी

घरचा माणूस पोलिसांनीं नेला कीं आमचे वसईचे शेतकरी प्रथम पुढाऱ्यास गांठतात. आमच्या मतें प्रथम फलक पाहावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, कलम ३७ अन्वयें अटक झालेल्यांचीं नांवें, पत्ते व गुन्ह्याचें स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यांत ठळकपणें लावावें लागतें. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्या माणसास मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलेंच पाहिजे.

ठाण्याचें नांव, गुन्हा रजिस्टर नंबर व साल मात्र टिपून ठेवावें. एवढ्यावरून ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटला व पुढील तारीख सांपडते. निव्वळ नांवावर शोधूं नये. एकाच नांवा-आडनांवाचे इसम आमच्या तालुक्यांत थोडे नाहींत, आणि भलत्याचाच बोभाटा व्हावयाचा!