सहीची घाई कुणाला?

‘इथं नुसती सही करायची, बाकीचं आम्ही बघतो.’

करोनाच्या त्या दोन वर्षांत साताऱ्या-सांगलीकडच्या कितीतरी घरांत हे वाक्य उच्चारलं गेलं असेल. बोलणारा कधी दीर, कधी चुलत सासरा, कधी चक्क पाठचा भाऊ. ऐकणारी नुकतीच चौदाव्यातून उठलेली. पदरात दोन लेकरं, डोक्यात हॉस्पिटलच्या बिलाचा आकडा. कागद कसला आहे, हे विचारायचंही भान नाही. आणि विचारलंच तर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ हे ठरलेलं उत्तर तयार.

या दोन जिल्ह्यांत मिळून करोनाने दहा हजारांहून जास्त माणसं नेली. त्यात घर चालवणारे कर्ते पुरुष किती तरी होते. माणूस गेला की त्याच्यामागे घरच्यांचे काही हक्क उभे राहतात. पण ते आपणहून चालत घरी येत नाहीत. आणि मैत्रिणींनो, यातले काही हक्क साथीसोबत आले, साथीसोबत गेले. काही मात्र आजही तसेच आहेत. या दोघांची गल्लत झाली म्हणून ‘आता काय उपयोग, मुदत संपली’ असं म्हणून गप्प बसलेल्या बाया पुष्कळ आहेत.

मुळात साथीचा म्हणून जो कायदा आपल्याकडे आहे, त्यात तुमच्या-माझ्यासाठी काय आहे? साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. मुंबई-पुण्याकडे प्लेग पसरला तेव्हा इंग्रजांनी घाईघाईने केलेला. त्यानंतर सव्वा महिन्यात, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक! त्या कायद्यात तेव्हा उणीपुरी चार कलमं होती. सरकारला काय काय करता येईल, न ऐकणाऱ्याला शिक्षा काय, अधिकाऱ्यांना संरक्षण काय, एवढंच. मजुरी बुडाली तर काय, माणूस गेला तर त्याच्या बायकोचं काय, यावर अवाक्षर नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती डॉक्टर, नर्स, आशाताईंवर हात उगारणाऱ्यांना शिक्षा करण्यासाठी. ती हवीच होती. पण कामगाराची आणि त्याच्या घराची बाजू तेव्हाही कोरीच राहिली.

मग बाकी हुकूम निघाले. २९ मार्च २०२० ला केंद्र सरकारने सांगितलं, टाळेबंदीत कुणाचा पगार कापू नका, कामगारांकडून महिनाभर घरभाडं मागू नका. ऐकून बरं वाटलं. मे महिन्याच्या मध्यावर तो हुकूम मागे घेतला गेला. १२ जून २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मालकांवर सक्तीची कारवाई करू नका, मालक-कामगारांनी आपसांत बोलून मिटवावं. कुपवाडच्या एमआयडीसीतला किंवा विट्याच्या यंत्रमागावरचा कामगार मालकाशी बोलून काय मिटवणार, हे ज्याचं त्यानं समजावं.

ऊसतोडीला आलेल्यांचं तर आणखीनच वेगळं. राज्यात लाखाहून जास्त तोडणी कामगार कारखान्यांच्या आसऱ्याला अडकून पडले होते, त्यांत आपल्या भागातल्या कारखान्यांवरचेही होते. १७ एप्रिल २०२० ला सरकारने त्यांना गावी जायची परवानगी दिली. पण बघा, नवरा-बायको मिळून तोडणी करतात, त्याला म्हणतात ‘एक कोयता’. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशोब नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, पण कागदावर ती कामगारच नाही. कागदावर नाही तिला हक्क कुठून मिळणार?

कागदाचं महत्त्व कळायला आपल्याच मातीतलं एक उदाहरण आहे. पाटण, जावळी, माण या भागांतून मुंबईच्या बाजारात पाठीवर पोती वाहायला गेलेली माणसं. त्यांच्यासाठी पाटण तालुक्यातलेच अण्णासाहेब पाटील लढले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मजूर आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे. त्याचा मालक कोण? तर कायद्याने मधे मंडळ आणून बसवलं. मजुरी मंडळात जमा होते, वर मालकाकडून लेव्ही घेतली जाते आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार निघतो. त्यामुळे माथाडी कामगार गेला तर त्याच्या बायकोला निदान एक दार माहीत असतं. तिच्या नवऱ्याचा नोंदणी क्रमांक असतो, टोळीचं नाव असतं.

आता सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडे वळा. तिथली आणि शेजारच्या खटाव-माणमधली हजारो कुटुंबं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी शुद्ध करायचं काम. पार तामिळनाडू-केरळपासून उत्तरेपर्यंत माणसं पसरलेली. कष्ट तेवढेच, उलट भट्टीची धग आणि आम्लाचा धूर जास्तीचा. पण दुकान बहुधा नात्यातल्याचं, पगार रोख, हजेरीवही नाही की पीएफ नाही. असा माणूस परमुलखात करोनाने गेला तर त्याची बायको कुठल्या दारात उभी राहणार? दुकानदार मामा किंवा मावसभाऊ. त्याने दिलं तर उपकार, नाही दिलं तर नशीब. एकाच दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेली दोन माणसं. फरक आहे तो नुसता नोंदीचा.

म्हणून नवऱ्याची नोकरी कसलीही असो, त्याच्या पगारातून काय कापलं जातं, हे बायकोला माहीत पाहिजे. पीएफ कापला जात असेल तर नोकरीत असताना मृत्यू झाल्यावर पीएफची शिल्लक तर मिळतेच, शिवाय त्याला जोडलेला विमा असतो. २०२१ मध्ये त्याची कमाल रक्कम सात लाख झाली. ही गोष्ट कित्येकींना ठाऊकच नाही, कारण त्यासाठी वेगळा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, तो मालक भरतो. विधवेला पेन्शनही असतं, आणि त्यासाठी दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही. दहा वर्षांची अट त्याच्या स्वतःच्या पेन्शनला. ग्रॅच्युइटीचंही तसंच, पाच वर्षांची अट मृत्यूच्या वेळी लागत नाही. ‘भावाचं नाव लावलंय हो त्यांनी’ असं कुणी म्हणेल, तर लग्नाआधी भावाच्या नावाने भरलेला पीएफचा वारस फॉर्म लग्नानंतर चालत नाही. बायको-मुलं आली की ती पुढे.

आणि बँकेचं पासबुक. ते छापून आणा आणि मे महिन्याच्या शेवटच्या नोंदी बघा. त्या काळात ३३० रुपये कापलेले दिसले तर तो पंतप्रधान जीवनज्योती विमा, दोन लाखांचा, आजाराने मृत्यू झाला तरी लागू. (२०२२ पासून हप्ता ४३६ झाला.) बारा रुपये कापलेले दिसले तर तो अपघाताचा, त्याचा करोनाशी संबंध नव्हता. अशा विम्यांचे दावे कित्येकींनी केले नाहीत, कारण कापलेले पैसे कशाचे हे घरात कुणी विचारलंच नव्हतं.

आता त्या पन्नास हजारांबद्दल. ३० जून २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, करोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना मदत द्यावीच लागेल. रक्कम ठरली पन्नास हजार. अडचण कुठे आली? दाखल्यावर. मृत्यूच्या दाखल्यावर कारण नाही, हॉस्पिटलच्या कागदावर ‘न्यूमोनिया’ नाहीतर ‘हृदयक्रिया बंद’. ४ ऑक्टोबर २०२१ ला कोर्टाने स्पष्ट केलं, दाखल्यावर करोना लिहिलेला नाही एवढ्याच कारणाने कुणाला नाकारायचं नाही. तपासणीत आजार निघाल्यापासून तीस दिवसांत माणूस गेला असेल, मग तो घरी गेला तरी, ती मदत लागू. वाद असेल तर जिल्ह्याच्या समितीकडे दाद. पुढे मुदत आली: २० मार्च २०२२ च्या आधीच्या मृत्यूंसाठी कोर्टाच्या २४ मार्चच्या आदेशाने साठ दिवस दिले. ते दार आता बंद झालेलं आहे, त्यावर आणखी लिहून तुमचा वेळ घेत नाही.

आई-बाप दोघंही गेले, अशा मुलांच्या नावाने राज्य सरकारने २०२१ मध्ये पाच लाखांची मुदत ठेव ठेवायचं ठरवलं. केंद्राची दहा लाखांची तरतूद वेगळी, ती रक्कम मूल तेवीस वर्षांचं झाल्यावर हातात येते. म्हणजे त्या वेळची बारा वर्षांची पोर अजून वयात यायची आहे. तिचं पासबुक, तिचा आधार, तिचे कागद कोणाच्या कपाटात आहेत? मामी-काकूंनी तेवढं बघावं. एकच पालक गेला असेल तर बालसंगोपन योजना आहे, जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. तिला करोनाची अट नाही.

पण खरं भांडण होतं ते जमिनीवरून आणि घरावरून, आणि इथेच ती ‘नुसती सही’ येते.

हिंदू कुटुंबात मृत्युपत्र न करता पुरुष गेला तर त्याच्या हिश्श्याचे पहिले वारस म्हणजे बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई. सगळ्यांना सारखं. समजा कराड तालुक्यातल्या एखादीचा नवरा गेला, मागे ती, एक मुलगा, एक मुलगी आणि सासूबाई. एकत्र जमिनीत नवऱ्याचा जो हिस्सा निघेल, त्याचे चार वाटे. दिराचं नाव यात कुठेही नाही. मुसलमान कुटुंबात हिशोब वेगळा. मुलं असतील तर पत्नीचा वाटा एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश. पण आहे, हे महत्त्वाचं.

हा वाटा काढून घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे हक्कसोडपत्र. त्याची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करावी लागते. म्हणजे तुम्हाला तिथे नेऊन, फोटो-अंगठा घेऊन ते केलं जातं. ‘वारस नोंदीला चल’ म्हणून तालुक्याला नेलं तर आधी बघा, तुम्ही तलाठ्याकडे चालला आहात की रजिस्टर ऑफिसला. वारस नोंदीसाठी रजिस्टर ऑफिसला जायचं कामच नसतं! आणि अज्ञान मुलांच्या नावचा हिस्सा आईलाही परस्पर सोडता येत नाही, त्याला न्यायालयाची परवानगी लागते. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ असं लिहितात, अज्ञान पालनकर्ता. तिथे नाव आईचं आहे ना, हे पाहायचं. काकाचं असेल तर विचारायचं, का म्हणून?

‘दुसरं लग्न केलंस तर सगळं जाईल’ ही दुसरी भीती. पतीकडून वारसाने आलेला जमिनीचा वाटा पुनर्विवाहाने जात नाही. पीएफचं विधवा पेन्शन मात्र थांबतं, हेही खरं, ते सांगितलं पाहिजे. घरातून बाहेर काढण्याची भीती तिसरी. १२ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने प्रभा त्यागी यांच्या खटल्यात सांगितलं, नवरा हयात नसला तरी सासरच्या सामायिक घरात राहण्याचा सुनेचा हक्क कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली टिकतो. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरीही.

मिरजेला लागूनच असलेल्या शिरोळ तालुक्यात, हेरवाड गावाने ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. दोनच आठवड्यांत सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. पण त्याच ग्रामसभेत गावातल्या किती विधवांची नावं सातबाऱ्यावर लागली आहेत, ही यादी वाचली जावी, असं मला फार वाटतं. कपाळ राखलं आणि वावर गेलं, तर तिनं खायचं काय?

आणि वारस नोंदीला उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. तीन महिन्यांत कळवायचं असा नियम आहे, पण पाच वर्षांनीही अर्ज देता येतो. २०२५ मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती मयतांची नावं काढून वारसांची लावण्यासाठीच. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), सोबत मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र. सगळ्या म्हणजे सगळ्या. लग्न होऊन गेलेली मुलगीसुद्धा. पोच घ्यायची. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. कुणी हरकत घेतली किंवा आधीच फसवून सही घेतली असेल तर वकिलाच्या फीला घाबरू नका. १९८७ च्या कायद्याने कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. सातारा आणि सांगली, दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तालुक्याच्या कोर्टात समिती आहे, फोन नंबर १५१००.

फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढा. तुमचं नाव, मुलामुलींची नावं अक्षर न अक्षर वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या. आणि एक प्रत माहेरी ठेवा.