दुकानातील दर्शनी पडदा जागा कसा ठेवावा?

दुकानाच्या दर्शनी भागी भावाची पाटी टांगण्याची चाल आपल्या बाजारात जुनी आहे. बेगम बाजारातील किराणा मालाची पेढी असो, सुलतान बाजारातील कापडाचे दुकान असो, की सोन्याचांदीची सराफी असो, गिऱ्हाइकाची नजर प्रथम पाटीकडे जाते व मग दुकानदाराकडे वळते. पूर्वी ही पाटी लाकडाची असे आणि तिच्यावर खडूने भाव लिहिला जाई. लिहिलेले अक्षर कोणी पुसेपर्यंत जागच्या जागी राही. अलीकडे कित्येक ठिकाणी या पाटीची जागा विजेच्या पडद्याने घेतली आहे. पडद्यामागे एक लहानसा संगणक बसविलेला असतो. भाव बदलला की पडद्यावरील आकडा बदलतो, आणि खडूने हात पांढरे होत नाहीत. मात्र या नव्या पाटीस एक खोड आहे. काही मिनिटे तिला कोणी हात लावला नाही, तर ती आपोआप काळी पडते.

बरकतपुरा, काचीगुडा व नारायणगुडा या भागांत राहणाऱ्या सभासदांकडून यासंबंधी पृच्छा होत असते. दुकानातील पडद्याप्रमाणेच उपाश्रयात सूर्योदय, नवकारसी व सूर्यास्त यांच्या वेळा दाखविणाऱ्या पडद्याचाही हाच अनुभव येतो. सायंकाळी चौविहाराची वेळ पाहावयास श्रावक मान वर करतो, आणि नेमका त्याच क्षणी पडदा निद्रिस्त असतो! म्हणून हा विषय या स्मरणिकेत थोड्या विस्ताराने मांडणे आम्हांस उचित वाटते.

हा लहान संगणक कोणता?

अशा कामी पुष्कळदा वापरला जाणारा संगणक म्हणजे रास्पबेरी पाय. इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका संस्थेने तो मुलांना संगणकविद्या स्वस्तात शिकता यावी या हेतूने तयार केला व २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आणला. त्या वेळी त्याच्या एका नमुन्याची किंमत ३५ डॉलर होती. सुमारे ८५ मिलिमीटर लांब व ५६ मिलिमीटर रुंद अशी ही एक पट्टी असते, म्हणजे आकाराने ती बँकेच्या कार्डाएवढी होय. तिला स्वतःचा पडदा नसतो. तारेने ती कोणत्याही दूरदर्शन संचास जोडावी लागते. तिची स्मृती नखाएवढ्या कार्डात साठविलेली असते. वीजही ती फारच थोडी घेते. मुलांसाठी निघालेली ही वस्तू दुकानदारांच्याही उपयोगी पडली, ती या काटकसरीच्या गुणांमुळेच.

पडदा का झोपतो?

पडदा झोपणे हा बिघाड नव्हे. ती मुद्दाम केलेली योजना आहे. जुन्या काळी संगणकाचा पडदा काचेच्या जाड नळीचा असे व त्या काचेस आतून चकाकणाऱ्या द्रव्याचा लेप दिलेला असे. एकच चित्र दिवसेंदिवस तेथे राहिले की लेप त्या जागी झिजे, आणि संच बंद केल्यावरही अक्षरांची पुसट छाया काचेवर दिसे. हे टाळण्यासाठी रिकाम्या वेळी पडदा काळा करण्याची किंवा त्यावर हलते चित्र आणण्याची युक्ती निघाली. पुढे विजेच्या बचतीचा विचार आला. अमेरिकेत १९९२ साली वीज वाचविणाऱ्या यंत्रांस खूण देण्याची ‘एनर्जी स्टार’ योजना सुरू झाली, आणि १९९३ साली संगणकाने पडद्यास ‘आता विसावा घे’ असा इशारा कसा द्यावा याचे एक सर्वमान्य प्रमाण ठरले. आजचे पडदे निराळ्या जातीचे आहेत, तथापि ती व्यवस्था कायम राहिली आहे.

या व्यवस्थेचे सारे मर्म एका गृहीतात आहे. कळफलक दाबला जात नाही, माऊस हलत नाही, त्या अर्थी समोर कोणी नाही, असे संगणक समजतो. लेखनाच्या मेजावर हे गृहीत बहुधा खरे ठरते. दुकानातील पाटीच्या बाबतीत मात्र ते खोटे आहे, कारण पाटी पाहावयाची वस्तू आहे, हात लावावयाची नव्हे. काचीगुडा स्थानकावर गाड्यांच्या वेळा दाखविणारा फलक शेकडो उतारू वाचतात, पण त्यास स्पर्श कोणी करीत नाही. तेव्हा आपले काम एवढेच की, ‘येथे हात लागला नाही तरी पाहणारे आहेत,’ हे संगणकास एकदा स्पष्टपणे सांगून ठेवावयाचे.

दोष कोठे आहे हे कसे ओळखावे?

सांगण्यापूर्वी झोपतो आहे तो कोण, हे ठरविले पाहिजे. पडदा काळा पडला की कळफलकाची एखादी कळ दाबावी. चित्र लगेच परत आले, तर पडदा झोपविणारा संगणकच होय. कळ दाबूनही काही होत नाही आणि दूरदर्शन संचाच्या कोपऱ्यातील लाल दिवा तेवढा लागलेला आहे, तर संच स्वतःहून बंद झाला आहे, असे समजावे. कारण कित्येक संचांत काही तास दूरनियंत्रकाची कळ दाबली गेली नाही, तर आपोआप बंद होण्याची सोय असते. संच चालू असून ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे दिसली, तर जोडणीची तार प्रथम तपासावी. पडद्याच्या कोपऱ्यात विजेच्या लोळाची पिवळी खूण वारंवार उमटत असेल, तर संगणकास पुरेसा विद्युत्दाब मिळत नाही. तेव्हा भ्रमणध्वनीचा कोणताही चार्जर न वापरता त्या संगणकासाठीच असलेला चार्जर घ्यावा.

उपाय

रास्पबेरी पायवर उपाय सोपा आहे. वरच्या कोपऱ्यातील मेनू उघडून ‘प्रेफरन्सेस’ मध्ये जावे व तेथे ‘रास्पबेरी पाय कॉन्फिगरेशन’ निवडावे. अगदी नव्या आवृत्तीत याच जागी ‘कंट्रोल सेंटर’ असे नाव आढळेल. त्यातील ‘डिस्प्ले’ या भागात ‘स्क्रीन ब्लँकिंग’ नावाची खूण असते, ती बंद करावी. कळफलकावरून काम करणाऱ्यांसाठी ‘सुडो रास्पी-कॉन्फिग’ अशी आज्ञा आहे. येथे आम्ही तिचा उच्चार दिला आहे. टंकित करताना ती अर्थातच इंग्रजी लिपीत करावी. त्यानंतर ‘डिस्प्ले ऑप्शन्स’ व ‘स्क्रीन ब्लँकिंग’ अशा क्रमाने गेल्यावर, पडदा काळा होऊ द्यावा काय, असा प्रश्न येतो. त्यास ‘नो’ असे उत्तर द्यावे व संगणक पुन्हा सुरू करावा.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. ‘एक्ससेट’ नावाच्या आज्ञा एका फायलीत लिहून ठेवण्याचा उपाय पुष्कळ जाणकार अजूनही सांगतात. तो पूर्वी बरोबर होता. परंतु ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीपासून नव्या रास्पबेरी पायवर चित्र दाखविण्याची ‘वेलँड’ नावाची निराळी पद्धत आली, आणि तीत त्या जुन्या आज्ञा लागू पडत नाहीत. तेव्हा उपाय सांगणारास प्रथम आपल्या संगणकावरील आवृत्ती कोणती, हे सांगावे.

दुकानात विंडोज संगणक असेल, तर ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टीम’ व ‘पॉवर’ या मार्गाने जावे. तेथे दोन निरनिराळ्या मुदती असतात, एक पडद्याची व दुसरी संगणकाची. दोन्ही ‘नेव्हर’ वर ठेवाव्यात. केवळ पहिली बदलल्यास पडद्यामागचा संगणक झोपतो आणि त्याच्याबरोबर पडदाही जातो. अँड्रॉइडच्या टॅबलेटवर ‘डिस्प्ले’ मधील ‘स्क्रीन टाइमआउट’ वाढविता येतो. ती मुदत अपुरी वाटल्यास ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा बोट टेकवावे, म्हणजे ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ खुले होतात. त्यांतील ‘स्टे अवेक’ चालू केल्यास चार्जर लावलेला असेपर्यंत पडदा जागा राहतो. त्या यादीतील इतर कशासही हात लावू नये.

राहिला दूरदर्शन संच. त्याच्या मेनूत ‘ऑटो पॉवर ऑफ’, ‘स्लीप टायमर’ किंवा ‘इको’ अशा नावांखाली जे असेल ते बंद करावे. संगणकाचा उपाय करूनही तक्रार राहते, ती बहुधा या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

जागा, पण खरा

पडदा जागा राहिला म्हणजे काम संपले असे नव्हे. काळ्या पडद्याने कोणाची फसवणूक होत नाही. गिऱ्हाईक भाव तोंडी विचारते. परंतु पडदा प्रकाशमान असून त्यावर कालचाच भाव असेल, तर गिऱ्हाईक त्यावर विश्वास ठेवते, आणि पावतीवर दुसरा आकडा पाहून पेढीच्या सचोटीविषयी शंका घेते. आपल्या वाडवडिलांनी ज्या एका गोष्टीवर व्यापार उभारला, तीच अशा वेळी पणास लागते. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदांसह चालते घड्याळ ठेवावे व भावाखाली तो कोणत्या वेळचा आहे, हे लिहावे. घड्याळ थांबलेले दिसले तर पान अडकले आहे, आणि भावाची वेळ जुनी दिसली तर नवा भाव आलेला नाही, हे नोकरासही समजेल.

उपाश्रयातील पडद्याबाबत ही दक्षता अधिकच हवी. रास्पबेरी पायच्या २०२३ पूर्वीच्या नमुन्यांत वीज गेल्यावरही चालणारे घड्याळ नाही. त्या वर्षी आलेल्या पाचव्या नमुन्यात ते आहे, पण त्याची बॅटरी निराळी बसवावी लागते. जुना नमुना वीज परत येताच आपोआप सुरू होतो व इंटरनेटवरून वेळ घेतो. इंटरनेट नसेल, तर मात्र तो वीज जाण्याच्या सुमाराची वेळ धरून पुढे चालू लागतो. तासभर वीज गेली असेल, तर पडद्यावरील घड्याळ तासभर मागे राहील, आणि सूर्य मावळल्यावरही चौविहारास अवकाश आहे, असे पाहणारास वाटेल. ज्याने त्या घड्याळावर विसंबून पाणी घेतले, त्याचे पच्चक्खाण मोडले! म्हणून वीज येऊन गेल्यावर पडद्यावरील वेळ भिंतीवरील घड्याळाशी ताडून पाहण्याचे काम एका व्यक्तीकडे नेमून द्यावे.

गावाचीही निवड तपासावी. आपल्यांतील कित्येक कुटुंबांचे मूळ मराठवाड्यात आहे, जो १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. आणि आपल्या घरांत पंचांगे व दिनदर्शिका महाराष्ट्रातून येतात. मुंबईचे रेखांश सुमारे ७२.९ अंश, तर हैदराबादचे ७८.५ अंश. एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने, ऋतुमानाप्रमाणे थोडा फरक धरून, आपल्याकडे सूर्य मुंबईच्या आधी वीस ते पंचवीस मिनिटे मावळतो. हैदराबादेस नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्यास्त सायंकाळी सुमारे ५.४० वाजता होतो, तर जुलैच्या आरंभी सुमारे ६.५४ वाजता. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, ही नवकारसीची गणनाही स्थानिक सूर्योदयापासूनच केली पाहिजे. पडद्यावर मुंबईच्या वेळा चालू असतील, तर तो कितीही जागा असला तरी उपयोगाचा नाही.

रात्री मात्र झोपू द्यावा

पडदा जागा ठेवावयाचा तो कामाच्या वेळेपुरता. समजा, संच ४० वॅटचा आहे व रात्री बारा तास विनाकारण जळतो, तर रोज सुमारे अर्धा युनिट, आणि महिन्यास चौदा युनिटांहून अधिक वीज वाया जाते. एकच चित्र अहोरात्र राहिल्यास काही जातींच्या नव्या पडद्यांवरही त्याची छाया उमटते. याहून महत्त्वाचे असे की, पावसाळ्यात उजळलेल्या पडद्याकडे असंख्य सूक्ष्म जीव ओढले जातात. चातुर्मासात दिव्याविषयी जी यतना आपण पाळतो, ती या नव्या दिव्यासही लागू आहे.

रात्री केवळ दूरदर्शन संच बंद करावा. संगणक चालू राहिला तरी त्याची वीज अल्प असते. संचास वेळ लावलेले स्विच बसविता येते, परंतु वीज परत मिळाल्यावर संच आपोआप उजळतो की दूरनियंत्रकाची वाट पाहतो, हे आधी पाहून घ्यावे. संगणक बंद करावयाचाच असेल, तर मेनूतील ‘शटडाऊन’ ने करावा. चालू असताना एकदम तार ओढल्यास त्याचे स्मृतीचे कार्ड बिघडण्याचा संभव असतो.

शेवटी एक भेद ध्यानात ठेवावा. येथवर सांगितलेले सर्व उपाय केवळ पाटीचे काम करणाऱ्या संगणकासाठी आहेत. ज्या संगणकावर खातेवही, बँकेचे व्यवहार व कराची विवरणे आहेत, तो मालक उठताच झोपलाच पाहिजे, आणि परवलीच्या शब्दाशिवाय उघडता कामा नये. सर्वांस दाखवावयाचे ते जागे ठेवावे व राखावयाचे ते मिटून ठेवावे, हा पेढीचा जुनाच रिवाज आहे. पाटी बाहेर टांगली जाते आणि वही तिजोरीत ठेवली जाते.

हे सर्व एकदा करून ठेवण्यास अर्धा तास पुरे. घरातील शिकत्या मुलामुलींस हे काम सांगावे. ती ते आनंदाने करतील, आणि त्या निमित्ताने दुकानात येऊन पेढीचा व्यवहारही पाहतील. येत्या वर्षात सभासदांच्या दुकानांतील व आपल्या उपाश्रयांतील पडदे वेळेवर जागे, वेळेवर निद्रिस्त आणि सर्वकाळ सत्य सांगणारे असोत, अशी आम्ही इच्छा व्यक्त करतो.